अपंगांच्या सेवांचे मूल्यमापन : भाजकाचा प्रश्न

एखाद्या सेवेचे मूल्यमापन करायला बसले की पहिली अडचण भाजकाची येते. किती जणांना सेवा मिळाली हे कार्यालये उत्साहाने सांगतात. किती जणांना ती हवी होती, याचे उत्तर मिळत नाही. अपंग व्यक्तींच्या बाबतीत (आताचा शासकीय शब्द दिव्यांग) हा भाजक आपल्या हातून सतत निसटत आला आहे.

१८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंध, मूकबधिर, मनोरुग्ण व कुष्ठरोगी यांची नोंद होत असे. १९४१ साली हा प्रश्न गळला आणि परतला तो थेट १९८१ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात. तेव्हा केवळ पूर्णतः अंध, पूर्णतः मुके व पूर्णतः पंगू एवढेच विचारले गेले. आकडा आला सुमारे ११ लाख. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने व्याख्या रुंद केली, तर आकडा सुमारे १ कोटी २० लाखांवर गेला. एकच सरकार, एकच वर्ष आणि दहापटींचे अंतर! १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा वगळला गेला. अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरल्यामुळे २००१ मध्ये तो परत आला : २.१९ कोटी. २०११ मध्ये २.६८ कोटी.

दरम्यान सेवा उभ्या राहत होत्या. ऐंशीच्या दशकात जिल्हा पुनर्वसन केंद्रे, १९९५ चा कायदा, आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. या शेवटच्या कायद्यामागे मतिमंद मुलांच्या पालकांचा एकच घोर होता : आमच्यामागे याचे कोण? म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती आणि प्रौढ अपत्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आली.

२०१८ च्या नमुना पाहणीत ७६.४ टक्के अपंगांनी आपल्याला कोणाचीही मदत मिळत नसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत ६२.१ टक्के जणांना काळजीवाहू होता. हवा असून नाही, असे फक्त ०.३ टक्के. अर्थशास्त्राच्या भाषेत मागणी पूर्ण झालेली दिसते. हा पुरवठा बहुतांशी घरातल्या बाईच्या बिनमोल श्रमांतून होतो, हे त्या रकान्यात दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात अशाच मूल्यमापनासाठी गेलो होतो. दिवसाच्या केंद्राचे हजेरीपुस्तक चोख होते. एका घरी सत्तावीस वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा होता. अन्वेषकाने विचारले, काळजीवाहू उपलब्ध आहे का? आई म्हणाली, "हो लिहा. पण माझं वय चौसष्ट आहे, ते कुठे लिहिणार?" रकाना नव्हता. त्याने ते शेऱ्यात लिहिले, आणि सारणी करताना शेरे संगणकात भरलेच गेले नाहीत.

पुढील प्रश्नावलीच्या मसुद्यात मी दोन प्रश्न घातले : काळजीवाहूचे वय, आणि त्याच्यानंतर कोण. छाननीत पहिला टिकला. दुसरा काल्पनिक स्वरूपाचा म्हणून वगळण्यात आला. मी टिपण लिहून तो पुन्हा पाठवला आहे.