मांडी घातलेला देह

बाबांची काळीपिवळी मूर्तिजापूर-दर्यापूर चालायची. मागे समोरासमोर दोन बाकं. "सरका जराक, अजून एक मानूस बसते," म्हणत बाबा दार लोटायचे. आजी बाकावर मांडी ठोकून बसे, वर गाठोडं. "पाय लोंबते ठेवले का सुजतेत," हे तिचं ठरलेलं उत्तर. आज पुण्यात संगणकावर अपघात घडवणं हे माझं पोट भरायचं काम आहे. त्या कामाच्या इतिहासात माझी आजी कुठंच बसलेली नाही.

सुरुवात मृतदेहांपासून झाली. १९३९ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मेंदूचे शल्यविशारद गुर्जियन आणि अभियंते लिसनर कवटी किती मार सोसते ते मोजू लागले. तिथलेच लॉरेन्स पॅट्रिक पुढं स्वतः घसरगाडीवर बसून शेकडो धक्के खाते झाले. १९४९ मध्ये 'सिएरा सॅम' हा डमी, म्हणजे चाचणीसाठीचा पुतळा, आला, तोही मोटारीसाठी नव्हे, वैमानिकाच्या इजेक्शन सीटसाठी. १९७६ चा जनरल मोटर्सचा 'हायब्रिड थ्री' मात्र मोटारीतच बसला: उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास, पोलादी बरगड्या. अमेरिकेतला मध्यम पुरुष.

पण पोलादाला प्लीहा नसते. ती उणीव संगणकातल्या देहानं भरली. टोयोटानं २००० मध्ये 'थम्स' हे मॉडेल आणलं आणि २०१० च्या आवृत्तीत आतडी, यकृतही घातलं. २०२१ पासून ते कुणालाही फुकट मिळतं. आपल्याकडे दिल्ली आयआयटीत मुखर्जी आणि चावला यांनी असाच देह पादचाऱ्यासाठी वापरला: धडकेच्या क्षणी पायाचे स्नायू ताठ असले तर गुडघ्याचं काय होतं?

डमी ताठच बसतो. मॉडेलला मात्र हवं तसं बसवता येतं, निदान म्हणायला. एकदा मी त्याला मांडी घालायला लावली. गुडघ्यातली कूर्चा चुरगळली, पडद्यावर 'निगेटिव्ह व्हॉल्यूम' येऊन गणित बंद पडलं. तीन रात्री गेल्या. मग दिसलं ते साधं होतं: मांडी घातली की कंबर मागं कलते आणि सीटचा पट्टा हाडावरून सटकून मऊ पोटात शिरू पाहतो.

हे आठवायचं कारण आमचा अमरावती-मूर्तिजापूर रस्ता. जून २०२२ मध्ये त्यावर लोणी ते माना दरम्यान एकूण ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाली, गिनीजमध्ये गेली. जिथं पूर्वी गाड्या खड्डे मोजत जायच्या, तिथं आता काटा शंभराकडे झुकतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप'ही आलं. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं समोरून आदळवतात. आत डमी असतो, पाय खाली सोडलेला.

गेल्या दिवाळीत अमरावतीहून निघालो. आईनं मागच्या सीटवर बसताच चपला काढून मांडी घातली. मी गाडी सुरूच केली नाही. कुरकुरत तिनं पाय खाली सोडले, पट्टा लावला.

मूर्तिजापूर आलं. पाय काही सुजले नव्हते.