कोराडी : वीजकेंद्राच्या गावातील सत्तांतरे

कोराडी : नागपूर जिल्ह्याच्या कामठी तालुक्यातील, नागपूर शहराच्या उत्तर वेशीवरचे गाव. जगदंबेचे देवस्थान आणि १९७४ पासून वीज देणारे औष्णिक केंद्र यांमुळे ते राज्यभर ठाऊक आहे. विधानसभेसाठी कामठी आणि लोकसभेसाठी रामटेक मतदारसंघात ते मोडते. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्याच्या सत्तेची प्रत्येक उलथापालथ या गावाने जवळून पाहिली, कारण ऊर्जा खाते जवळपास सलग नागपूर जिल्ह्यातल्याच नेत्यांकडे राहिले आणि त्यांतील एक नेता तर याच गावचा. तरीही इथली सत्ता खरोखर बदलली का, याचा निवाडा मंत्र्याच्या पक्षावरून करणे अपुरे आहे. राख कुठे पडते, कंत्राटी कामगाराला काय मिळते आणि गावाचा निवडलेला प्रतिनिधी कुणाला जाब विचारू शकतो, या तीन कसोट्यांवर पाहिले तर कोराडीत सरकारे बदलली, पण निर्णयाची रीत फारशी बदललेली नाही.

या परिसराचा राजकीय वारसा मुळात पुरोगामी आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास हे कामठीचे. विडी कामगारांचे संघटन करणारे हरदास १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधिमंडळात गेले आणि १९३९ मध्ये ऐन उमेदीत वारले. मजुरी आणि जात हे दोन प्रश्न एकाच पक्षाने हाती घेण्याचा तो प्रयोग होता. पुढे रिपब्लिकन राजकारण गटागटांत फुटले, तरी १९९९ मध्ये सुलेखा कुंभारे इथून आमदार झाल्या. २००४ मध्ये कोराडीचे चंद्रशेखर बावनकुळे भाजपकडून जिंकले आणि त्यानंतर कामठी भाजपकडे राहिली. बहुजन समाजातून, जिल्हा परिषदेच्या पायरीवरून वर आलेला हा नेता आहे. भाजपला केवळ उच्चवर्णीयांचा पक्ष म्हणून मोडीत काढणाऱ्या पुरोगाम्यांनी त्यांची वाटचाल गंभीरपणे अभ्यासली नाही, हा दोष पुरोगाम्यांचाच. २०१९ मध्ये मंत्री असूनही त्यांना उमेदवारी नाकारली गेली. पाठोपाठ जानेवारी २०२० च्या निवडणुकीत नागपूर जिल्हा परिषद काँग्रेसने जिंकली आणि खुद्द कोराडी सर्कलही भाजपच्या हातून गेले. बावनकुळे २०२१ मध्ये विधान परिषदेवर आले, २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ च्या विजयानंतर महसूलमंत्री.

ऊर्जा खात्याची साखळी याहून बोलकी आहे. २०१४ ते २०१९ बावनकुळे, २०२० ते २०२२ काँग्रेसचे नितीन राऊत, त्यानंतर देवेंद्र फडणवीस. प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या तीन नव्या संचांचे कंत्राट काँग्रेस आघाडीच्या काळात, २००९ मध्ये दिले गेले. १४ एप्रिल २०१७ रोजी त्यांचे लोकार्पण पंतप्रधान मोदींनी केले. वीज मंडळाचे विभाजन २००५ मध्ये झाले तेही काँग्रेस आघाडीच्याच राज्यात. जानेवारी २०२३ मध्ये अदानी समूहाच्या समांतर वितरण परवान्याविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्या विभाजनाने खासगीकरणासाठी उघडलेल्या दाराचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. औष्णिक केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक वीजकेंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळे पक्ष सारखेच म्हटले तर मतदानाला अर्थच उरत नाही. आक्षेप रास्त आहे. शेजारच्या खापरखेडा केंद्राची राख नांदगावच्या तळ्यात सोडली जात होती. गावकऱ्यांनी लावून धरल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे आले आणि ते काम थांबले. सरकारचा रंग महत्त्वाचा ठरतो, पण खालून रेटा असेल तेव्हा. त्याच वर्षी जुलैत कोराडी केंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत गेली. सरकार बदलून तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता, त्यामुळे दोष एका पक्षावर ढकलणे अप्रामाणिक ठरेल. हा हिशेब अनेक वर्षांच्या दुर्लक्षाचा आहे. दुसरा आक्षेप रोजगाराचा आणि विजेच्या गरजेचा. जुने संच बंद करून त्यांच्या जागी १,३२० मेगावॅटचे नवे संच उभारायचे, ते कमी कोळशात अधिक वीज देतील, असा युक्तिवाद मे २०२३ च्या जनसुनावणीच्या वेळी झाला. तांत्रिकदृष्ट्या तो खरा आहे. परंतु वीज साऱ्या राज्याला आणि राख एकाच टापूला, ही वाटणी त्यातून बदलत नाही. नव्या संचाआधी जुन्या राखेचा निपटारा व्हावा, ही मागणी विकासविरोधी ठरत नाही.

२०२४ च्या लोकसभेला रामटेक काँग्रेसने जिंकले. पाच महिन्यांनी कामठीत बावनकुळे सुमारे ४० हजारांनी विजयी झाले. या दरम्यान मतदारसंख्या अनाकलनीयरीत्या वाढली, असा आरोप राहुल गांधी यांनी जून २०२५ मध्ये कामठीचे नाव घेऊन केला. निवडणूक आयोगाने आणि भाजपने तो फेटाळला. मतदारयाद्या यंत्राने तपासता येतील अशा रूपात खुल्या असाव्यात, ही मागणी कोणत्याही लोकशाहीवाद्याने करायलाच हवी. मात्र तिच्या आडून काँग्रेसला दुसरा प्रश्न टाळता येणार नाही. त्या आरोपातल्याच आकड्यांप्रमाणे तिची स्वतःची मते जागच्या जागी राहिली. सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये खात्यात आलेल्या बाईला विकली गेलेली ठरवणे सोपे आहे. तिच्या घरातला कंत्राटी कामगार कायम कसा होईल, हे ठोसपणे सांगणे पुरोगामी पक्षांना जमले नाही.

स्थानिक लोकशाहीची अवस्था तर दोन्ही आघाड्यांच्या डोळ्यांदेखत खालावली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ५० टक्क्यांवरचे ओबीसी आरक्षण रद्द केल्यावर राज्यभरच्या निवडणुका रखडल्या. ओबीसींबाबतची आवश्यक माहिती वेळेत गोळा करण्यात तेव्हा सत्तेत असलेली महाविकास आघाडी कमी पडली आणि २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या महायुतीला प्रशासकांची राजवट सोयीची वाटली. ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता. राखेने खराब झालेल्या शेताचा वा विहिरीचा प्रश्न सभागृहात मांडायला कोराडी सर्कलला तेव्हा सदस्य उरला नाही.