निळ्या रंगाची साक्ष

सजीव पेशी आपली ऊर्जा कोणत्या रूपाने शिलकीत ठेवते आणि हवी त्या क्षणी कशी मोकळी करते, हा प्रश्न १९२२ च्या सुमारास सुटलाच असे विद्वान धरून चालले होते. स्नायूतील साखरेचे लॅक्टिक आम्ल होते आणि त्यातूनच आकुंचनाला बळ मिळते, हा सिद्धान्त रूढ होता. हिल आणि मायरहोफ यांना त्या सालचे नोबेल पारितोषिकही लाभले.

या सिद्धान्ताला तडा गेला तो एका किरकोळ वाटणाऱ्या मोजणीमुळे. भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासेस वैद्यकी शिकून १९२३ मध्ये बोस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांच्या वाट्यास आलेले काम कारकुनी वळणाचेच म्हणावे लागेल: फॉस्फरस मोजण्याची भरवशाची रीत बसविणे. १९२५ मध्ये ती सिद्ध झाली. द्रावणात मॉलिब्डेट मिसळावे आणि मग चढणाऱ्या निळाईच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवावे.

स्नायूच्या अर्काला ही रीत लावली तेव्हा मात्र हिशेब जुळेना. रंग रेंगाळत, हळूहळू गडद होत गेला. दुसऱ्या कोणी अर्क नासला म्हणून मोरीत ओतला असता. या दोघांनी त्या विलंबाचाच पिच्छा पुरविला. अर्कात एक नाजूक संयुग होते. आम्लात ते सावकाश फुटे आणि फॉस्फेट सुटत राही. हेच फॉस्फोक्रिएटिन. श्रमाने ते घटते, विश्रांतीने पुन्हा भरून येते, हे त्यांनी १९२७ मध्ये दाखविले. लंडनमध्ये एगल्टन दांपत्यालाही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे गवसले.

१९२९ मध्ये त्याहून मोलाचे संयुग हाती आले, ते एटीपी. जर्मनीत लोमान यांना आणि बोस्टनमध्ये या जोडीला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल तयार होऊ न देताही स्नायू आकुंचन पावतो हे सिद्ध केले, आणि जुने मत निकालात निघाले. अन्नाच्या ज्वलनातील ऊर्जेने एटीपीचे तिसरे फॉस्फेट जोडले जाते. ते सुटते तेव्हा पेशीचे काम होते. हे सर्वत्र चालणारे नाणे आहे, असा अर्थ १९४१ मध्ये लिपमान यांनी लावला. गंगाजळी अगदी तुटपुंजी, पण दिवसाची उलाढाल जवळजवळ शरीराच्या वजनाएवढी!

सुब्बारावांना हार्वर्डने कायम प्राध्यापकपद दिले नाही. १९४० मध्ये ते औषधांच्या संशोधनाकडे वळले आणि १९४८ मध्ये अमेरिकेतच निवर्तले. त्या निबंधांवर त्यांचे नाव दुसरे आहे. दुसऱ्या सहीमागे किती श्रम असतात, हे कचेरीत आयुष्य गेलेल्या आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?