उन्हाळी ऑनलाइन मानव्यविद्या अभ्यासक्रम (अमेरिका)

उन्हाळी ऑनलाइन मानव्यविद्या अभ्यासक्रम हे अमेरिकेतील विद्यापीठे व महाविद्यालये मे ते ऑगस्ट या काळात आंतरजालावरून चालवीत असलेले अल्पमुदतीचे, श्रेयांकप्राप्त अभ्यासक्रम होत. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, धर्माभ्यास, कलेतिहास इत्यादी विषयांचा त्यांत समावेश होतो. पदवीसाठी बंधनकारक असलेल्या 'सर्वसाधारण शिक्षणा'तील मानव्यविद्येचा भाग पूर्ण करणे हा ते घेण्यामागील एक प्रमुख हेतू असतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पदवीपूर्व विद्यार्थ्याला मुख्य विषयाखेरीज अन्य ज्ञानशाखांतील ठरावीक अभ्यासक्रमही पूर्ण करावे लागतात. कोलंबिया महाविद्यालयाने १९१९ मध्ये सुरू केलेला 'कॉन्टेम्पररी सिव्हिलायझेशन' हा अभ्यासक्रम आणि हार्वर्ड विद्यापीठाने १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला सर्वसाधारण शिक्षणविषयक अहवाल हे या परंपरेतील महत्त्वाचे टप्पे मानले जातात. उन्हाळी वर्गांची प्रथा त्याहून जुनी असून हार्वर्डची उन्हाळी शाळा १८७१ पासूनची आहे. आंतरजालाच्या प्रसारानंतर या दोन परंपरा दूरशिक्षणात एकत्र आल्या.

कालावधी व कार्यभार

संघराज्य शासनाच्या व्याख्येनुसार एका श्रेयांकामागे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला एक तास अध्यापन आणि किमान दोन तास स्वाध्याय अपेक्षित असतो. यानुसार तीन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाचे एकूण काम सुमारे १३५ तासांचे होते. नियमित सत्रात ते आठवड्याला ९ तास पडते. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात तेच काम आठवड्याला २२ तासांहून अधिक होते. कालावधी घटला तरी श्रेयांक, आणि म्हणून अपेक्षित वाचन व लेखन, तेवढेच राहते.

श्रेयांकांचे हस्तांतरण

अनेक विद्यार्थी कमी शुल्कामुळे असे अभ्यासक्रम स्वतःच्या विद्यापीठाऐवजी सामुदायिक महाविद्यालयातून पूर्ण करतात. अशा वेळी ते कोणत्या गटात मोजावयाचे, हे पदवी देणारी संस्था ठरवते. श्रेयांक स्वीकारले गेले, तरी ते मानव्यविद्येच्या गटाऐवजी केवळ ऐच्छिक म्हणून नोंदले जाऊ शकतात. तसे झाल्यास शुल्क व श्रम खर्च होऊनही मूळ अट अपूर्णच राहते व पदवी लांबणीवर पडू शकते. अनेक विद्यापीठांत हस्तांतरित अभ्यासक्रमाचे श्रेयांक जमा होतात, परंतु त्यातील श्रेणी सरासरीत धरली जात नाही. या कारणांमुळे नोंदणीपूर्वी लेखी मान्यता घेण्याचा सल्ला शैक्षणिक सल्लागार देतात.

कॅलिफोर्नियातील व्यवस्था

कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्यानुसार सामुदायिक महाविद्यालयांतून राज्याच्या दोन्ही सार्वजनिक विद्यापीठ-व्यवस्थांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'कॅल-जेटसी' हा समान आराखडा तयार करण्यात आला. तो २०२५ च्या शरद सत्रापासून लागू झाला. त्यात एकूण ३४ सत्र-श्रेयांक असून, कला व मानव्यविद्या या गटात कलेचा एक व मानव्यविद्येचा एक असे दोन अभ्यासक्रम आवश्यक आहेत. प्रत्येकात किमान 'सी' श्रेणी मिळवावी लागते. कोणता अभ्यासक्रम कोठे मान्य आहे, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते.

आर्थिक साहाय्य व परदेशी विद्यार्थी

संघराज्य शासनाच्या आर्थिक साहाय्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रमात अध्यापक व विद्यार्थी यांच्यात नियमित आणि अर्थपूर्ण संवाद असणे आवश्यक असते. तो नसल्यास अभ्यासक्रम पत्राचारी ठरतो व साहाय्यावर मर्यादा येतात. एफ-१ प्रवेशपरवान्यावरील विद्यार्थ्यांना, भारतीयांसह, पूर्णवेळ नोंदणीच्या गणनेत सत्रागणिक एकच ऑनलाइन अभ्यासक्रम, कमाल तीन श्रेयांकांपर्यंत, धरता येतो. उन्हाळा ही अधिकृत सुटी असल्यास त्या काळात पूर्णवेळ नोंदणीची सक्ती नसते. त्यामुळे ही मर्यादा तेव्हा सहसा आड येत नाही.

मूल्यमापन

नोकरी सांभाळून शिकणारे, तसेच अभियांत्रिकीसारख्या शाखांतील भरगच्च वेळापत्रकाचे विद्यार्थी यांना हे अभ्यासक्रम सोयीचे ठरतात. दीर्घ ग्रंथांचे सावकाश वाचन, चर्चा व निबंधांचे पुनर्लेखन यांना अल्प कालावधीत पुरेसा अवसर मिळत नाही, असा आक्षेप मात्र घेतला जातो. एका वेळी एकाच विषयावर लक्ष केंद्रित करता येते, हे समर्थकांचे उत्तर असते.