‘ड्रॅगन बॉल काई’ : एका चित्रमालिकेचे पाठशोधन

तोएई अ‍ॅनिमेशन या संस्थेची ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही चित्रमालिका १९८९ ते १९९६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. तिचे भाग २९१. अकिरा तोरियामा यांची मूळ चित्रकथा त्या वेळी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. ती १९९५ मध्ये पूर्ण झाली. मालिका कथेच्या पुढे जाऊ नये, म्हणून पदरचे प्रसंग घालून कालहरण करणे निर्मात्यांस भाग पडले. विसाव्या वर्षाच्या निमित्ताने २००९ मध्ये ‘काई’ हे नवे संस्करण निघाले, ते मुख्यतः हे प्रक्षिप्त प्रसंग गाळण्यासाठी. परंतु ज्यांनी बालपणी हे प्रसंगच पाहिले, त्यांच्या लेखी मूळ पाठ कोणता? जीर्ण चित्रफितीवरील ओरखडे पुसले गेले, संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित झाले, हे इष्टच. प्रसारणासाठी मात्र ४:३ प्रमाणाची चौकट १६:९ करताना चित्राची चतुर्थांश उंची कापली गेली. यास शोधन म्हणणे कठीण. संगीताचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. केंजी यामामोतो यांच्या नव्या रचनांवर उसनवारीचा आक्षेप आला, तेव्हा २०११ मध्ये त्या काढून टाकून शुन्सुके किकुची यांचे जुनेच संगीत पुन्हा बसविण्यात आले.