आजारपणातील चिंता आणि मनाचे धैर्य

आजारपण सांगून येत नाही. तपासणीसाठी नमुना दिला जातो, अहवाल काही दिवसांनी मिळेल असे सांगितले जाते, आणि तो मधला काळ रुग्णाला व त्याच्या घरच्यांना आजाराहूनही जड जातो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या म्हणीचा प्रत्यय अशा वेळी येतो. दर्शनास येणारी अनेक मंडळी ही व्यथा आमच्यापाशी बोलून दाखवतात. त्यांना उपयोगी पडावी अशी माहिती प्रस्तुत लेखात एकत्र केली आहे. ती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नव्हे, हे आरंभीच नमूद करतो.

भय का वाटते?

गंभीर आजाराची वार्ता ऐकून घाबरणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. संकटाची चाहूल लागताच शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते, असे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. अशा वेळी ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ होतो, तळहातांना घाम सुटतो. समोर हिंस्र श्वापद असते तर या सिद्धतेचा उपयोग झाला असता. अहवालाची वाट पाहणाऱ्याला मात्र लढायला कोणी नसते आणि पळायला जागा नसते. मग तीच धडधड त्याला नव्या आजाराचे लक्षण वाटू लागते व भय दुणावते. हे चक्र नीट समजले तरी त्याचा जोर काहीसा ओसरतो. तथापि छातीत दुखणे, धाप लागणे यांसारखी लक्षणे चिंतेमुळेच असतील असे गृहीत धरू नये. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

‘सकारात्मक राहा’ या सल्ल्याविषयी

भेटीस येणारा प्रत्येक जण रुग्णाला हा सल्ला देतो. त्यामागे सद्भावना असते यात शंका नाही. परंतु त्यातून ‘आपण खचलो म्हणूनच आजार बळावला’ अशी अपराधी भावना रुग्णाच्या मनात घर करते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांच्या भावनिक स्थितीचा त्यांच्या आयुर्मानाशी संबंध असल्याचे त्या अभ्यासात आढळले नाही. रडणाऱ्या रुग्णाने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही, हाच याचा अर्थ आम्ही घेतो.

मग धैर्याचा उपयोग काय? मन स्थिर असेल तर औषधे वेळेवर घेतली जातात, डॉक्टरांचे बोलणे लक्षात राहते, दोन घास अन्न जाते, झोप लागते आणि आजारातला दिवस सुसह्य होतो. हा लाभ थोडा नव्हे.

करून पाहण्याजोगे उपाय

१. चिंतेला वेळ नेमून द्यावी. चिंता करू नकोस असे मनाला बजावल्याने ती उलट वाढते. थॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली निराळी पद्धत मांडली. दररोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावा. इतर वेळी तो विचार आला की ‘याचा विचार त्या वेळी करू’ असे म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. ही वेळ झोपण्यापूर्वीची नसावी.

२. कागदाचे दोन भाग करावेत. एका बाजूस आपल्या हाती असलेल्या गोष्टी लिहाव्यात : पुढील तपासणीची तारीख, विम्याची कागदपत्रे, सोबत कोण जाणार, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न. दुसऱ्या बाजूस हाती नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. रोज पहिल्या बाजूचे एक तरी काम उरकावे.

३. श्वास संथ करावा. सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडावा. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत संथ होते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे आढळले. ज्यांना नामस्मरणाची सवय आहे त्यांनी ते घाई न करता करावे. ज्यांना नाही त्यांनी नुसते श्वास मोजले तरी चालेल.

४. ऐकीव माहितीपासून दूर राहावे. भ्रमणध्वनीवर येणारे निरोप आणि इतरांच्या आजाराच्या कहाण्या यांनी भय वाढते. शंका आपल्या डॉक्टरांनाच विचारावी. कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नये.

घरच्यांसाठी

रुग्ण भीती बोलून दाखवू लागला की ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून त्याला गप्प करू नये. ‘भीती कशाची वाटते?’ एवढेच विचारावे व शांतपणे ऐकून घ्यावे. पुष्कळदा ती मरणाची नसते. खर्चाची, मुलीच्या लग्नाची किंवा आपला भार इतरांवर पडेल याची असते, आणि त्यावर घरात काहीतरी ठरवता येते. आमच्याकडील पुष्कळ कुटुंबांना उपचारासाठी परगावी मुक्काम करावा लागतो. तेथे एकाच माणसाने रात्रंदिवस न जागता आळीपाळीने सोबत करावी. सेवा करणाऱ्यालाही विश्रांतीची गरज असते.

मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक नाहीशी झाली, कशातच मन लागेनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

अहवाल काय येईल हे कोणाच्याही हाती नाही. तो येईपर्यंतचा आजचा दिवस मात्र काही अंशी आपल्या हाती आहे. सर्व रुग्णांस लवकर आराम पडो, ही प्रार्थना.