‘नेतृत्वाचा अनुभव आहे का?’ मुलाखतीतल्या या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं?

‘तुम्ही कधी टीम सांभाळली आहे का?’, ‘कोणाला काम शिकवलं आहे का?’ मुलाखतीत हे दोन प्रश्न आले की अनेक फ्रेशर्स अडखळतात. ‘नाही सर, अजून नोकरीच लागलेली नाही’ असं उत्तर देऊन मोकळे होतात आणि हातातले गुण घालवतात. प्रत्यक्षात नेतृत्वासाठी पद लागतंच असं नाही. हा प्रश्न नेमका का विचारतात आणि त्याचं उत्तर कसं तयार करायचं, ते समजून घेऊया.

हा प्रश्न कुठे विचारला जातो?

केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली. पण खासगी कंपन्या, बँकांमधली अधिकारी पदं आणि यूपीएससी इथे मुलाखत आहेच. यूपीएससी नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला असतात. त्यात जे गुण पारखले जातात, त्यांच्या अधिकृत यादीत नेतृत्वक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे.

मुलाखत घेणाऱ्याला काय हवं असतं?

‘मी चांगला लीडर आहे’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतं. त्यामुळे ‘असा एखादा प्रसंग सांगा’ असं विचारलं जातं. माणूस आधी कसा वागला, यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो, हा त्यामागचा विचार. थोडक्यात, त्यांना विशेषण नको असतं, प्रसंग हवा असतो.

अनुभव आणायचा कुठून?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं वेळापूर घ्या. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघाली की पुढचा मुक्काम वेळापूरला असतो. तिथून ती भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरपूरला जाते. मुक्कामाच्या दिवशी हजारो वारकऱ्यांचं पाणी, जेवण, औषधं, वाहनांची जागा हे सगळं बघावं लागतं. त्यात राबणाऱ्या तरुणांकडे माणसं सांभाळण्याचा अनुभव असतो, पण बायोडेटात त्याची एक ओळही नसते.

असे अनुभव इतरही ठिकाणी मिळतात:

- एनएसएसचं शिबिर किंवा एनसीसी
- गणेश मंडळाचा हिशेब, क्रिकेट टीमचं कर्णधारपद
- बचत गटाचं अध्यक्ष किंवा सचिवपद: बैठका, कर्जाची परतफेड, नोंदवह्या
- घरची शेती किंवा दुकान: मजुरांचं नियोजन, मालाची खरेदी

उत्तराचे चार टप्पे

जगभर वापरली जाणारी ‘स्टार’ पद्धत सोपी आहे: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. समजा, वेळापूरच्या एका तरुणानं पालखीच्या मुक्कामात पाणीवाटपाचं काम पाहिलं आहे. त्याचं उत्तर असं असू शकतं:

*‘पालखीच्या मुक्कामाला आम्ही १५ जण पाणीवाटप करत होतो. टँकरची वेळ आणि माणसांच्या पाळ्या ठरवणं माझ्याकडे होतं. दुपारी एक टँकर आलाच नाही. मी दोघांना पर्यायी विहिरीवर पाठवलं, गर्दीच्या जागी माणसं वाढवली आणि बाकीच्यांना फोन करून कळवलं. अर्ध्या तासात पाणी सुरू झालं. पुढच्या वर्षी आम्ही एक टँकर आधीच राखीव ठेवला.’*

हे उत्तर मिनिटभरात संपतं. सगळ्यात जास्त वेळ ‘कृती’ला द्यायचा, कारण तिथेच तुमचं डोकं कसं चालतं ते दिसतं.

‘मी’ म्हणायचं की ‘आम्ही’?

आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई मारणं वाटतं. म्हणून उमेदवार सगळं ‘आम्ही केलं’ असं सांगतात आणि त्याचं स्वतःचं काम कोणतं, हे समोरच्याला कळतच नाही. उलट सगळं ‘मी’च केलं म्हटलं तर टीम कुठे होती, हा प्रश्न येतो. सोपा नियम: यश ‘आम्ही’चं, निर्णय ‘मी’चा.

प्रशिक्षणाचा अनुभव कसा सांगायचा?

इथे दोन वेगळे प्रश्न असतात.

*घेतलेलं प्रशिक्षण:* २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. ही योजना किंवा आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप केली असेल तर फक्त प्रमाणपत्र पुढे करू नका. आधी काय येत नव्हतं आणि आता कोणतं काम एकट्यानं करता येतं, ते सांगा. प्रशिक्षणाला ‘नोकरी’ म्हणू नका. कागदपत्रं तपासली की ते उघड होतं आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

*दिलेलं प्रशिक्षण:* ‘मी शिकवलं’ एवढं पुरत नाही. समोरच्याला काय अवघड जात होतं, तुम्ही ते कसं सोपं केलं आणि तो स्वतः करायला लागला हे कसं तपासलं, ते सांगा. बचत गटातल्या महिलेला मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवणं हेही प्रशिक्षणच.

उलटप्रश्नाची तयारी

‘टीममधला एकजण काम टाळत असेल तर?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘तक्रार करेन’ हे पहिलं उत्तर नसावं. आधी एकट्यात बोलणं, अडचण समजून घेणं, काम बदलून देणं आणि तरीही जमलं नाही तर वरिष्ठांना सांगणं, हा क्रम योग्य.

‘कधी अपयश आलं का?’ याला ‘नाही’ म्हणू नका. खरा प्रसंग सांगा आणि त्यानंतर काय बदललं, तिथे उत्तर संपवा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी

तीन खरे प्रसंग कागदावर चार-चार ओळींत लिहून काढा: एक नेतृत्वाचा, एक शिकवण्याचा, एक चुकलेला. पाठ करू नका, मोठ्यानं सांगून बघा. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी बहुतेक वेळा या तिघांपैकी एक प्रसंग कामी येतो.